अलेक्झांड्रिया एका दिवसात उरकू नका: काय बघायचं, कुठल्या क्रमाने आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी इजिप्तला चाललाय, सोबत आई-बाबा (६८ आणि ७२) आणि आठवीतला मुलगा, एजंट म्हणतोय अलेक्झांड्रियात जुनं असं फारसं काही उरलेलं नाही, कैरोहून सकाळी नेतो, तीन स्पॉट दाखवतो आणि रात्री परत आणतो. आईंचे गुडघे दुखतात, मुलाला इतिहासाची आवड आहे. मुक्काम करावा का आणि काय बघावं?

मी गेली सोळा वर्षं मराठी ग्रुप घेऊन इजिप्तला जातेय, त्यामुळे सरळ सांगते, दोन रात्री राहा. एजंटचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. लक्सरला कसं, देऊळ समोर उभं असतं, खांब मोजा, फोटो काढा, कोणी काही सांगितलं नाही तरी माणूस थक्क होतो. अलेक्झांड्रियाचं तसं नाही. सिकंदराने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलेलं ते शहर आजच्या शहराच्या खाली आहे आणि उरलेलं समुद्रात आहे. भूकंप झाले, ३६५ साली क्रीटच्या भूकंपाची त्सुनामी लाट आली, जमीन हळूहळू खचली, आणि राजवाड्यांचा अख्खा भाग पूर्वेकडच्या बंदराच्या पाण्यात गेला. वर जे राहिलं त्यावर लोक घरं बांधत राहिले, आजही बांधतायत. म्हणून तिथे नुसते स्पॉट केले तर "एवढंच?" असं वाटतं, आणि तेच नीट क्रमाने बघितलं तर रस्त्यावरून चालताना सुद्धा पायाखाली काय आहे ते दिसायला लागतं. माझा सगळा भर त्या क्रमावर आहे.

एक दिवसाच्या ट्रिपमध्ये काय होतं तेही सांगते. कैरो ते अलेक्झांड्रिया साधारण २२० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास रस्त्यात गेले. हिवाळ्यात किल्ले-म्युझियमं दुपारी लवकर बंद होतात आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा असाच ग्रुप नेला होता, तिथल्या एका लोकल एजन्सीने जेवणाला दोन तास घातले आणि आम्ही कैतबे किल्ल्याच्या (जुन्या दीपगृहाच्या जागेवर आहे तो) दारात पोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झालेली, बाहेरूनच फोटो काढून परत फिरलो. त्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी लहानपणी शाळेच्या पुस्तकात दीपगृहाचं चित्र बघितलेलं, तेवढ्यासाठी ते आले होते. त्यानंतर मी एक दिवसाचं अलेक्झांड्रिया विकलेलं नाही.

जाताना ट्रेनने जा. कैरोच्या रामसेस स्टेशनवरून अडीच-तीन तासांत पोचता, आई-बाबांना पाय मोकळे करता येतात, खिडकीतून नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली हिरवी शेतं दिसतात. शेवटच्या स्टेशनला उतरा, त्याचं नाव मिस्र स्टेशन, कारण पहिलं ठिकाण तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे.

ते म्हणजे कोम अल-दिक्का. बहुतेक टूरवाले याला "रोमन थिएटर" म्हणतात आणि वीस मिनिटांत गुंडाळतात, मी इथूनच सुरुवात करते आणि दोन तास देते. का, तर शहराची जुनी पातळी इथे डोळ्यांना दिसते. तुम्ही आजच्या रस्त्यावर उभे असता आणि खाली, कितीतरी मीटर खाली, रोमन काळातला रस्ता दिसतो, आजूबाजूला आजच्या बिल्डिंगा, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. हे एकदा बघितलं की पुढचे दोन दिवस मुलाला वेगळं काही समजवावं लागत नाही. १९६० मध्ये इथला मातीचा ढिगारा सरकारी इमारतीसाठी साफ करायला घेतला तेव्हा हे सापडलं, तेव्हापासून पोलंडचं पथक तिथे काम करतंय. अर्धवर्तुळाकार संगमरवरी आसनांच्या तेरा रांगा आहेत. मधोमध एका ठराविक दगडावर उभं राहून हळू बोललं तरी आवाज घुमतो, मुलाला करून बघू दे. दगडांवर रथांच्या शर्यतीच्या चाहत्यांनी ओरखडलेली चित्रं आणि घोषणा सापडल्यात, तेव्हा निळे आणि हिरवे असे दोन मोठे गट असायचे, त्यांच्या समर्थकांनी आपापल्या हिरोंची नावं खरवडून ठेवली. क्रिकेट बघणाऱ्या मुलाला हे लगेच कळतं.

पण थिएटर बघून परत फिरू नका, त्याच्या मागे चालत जा. तिथे दगडी बाकांच्या खोल्या ओळीने आहेत, घोड्याच्या नालेच्या आकारात दोन-तीन पायऱ्यांची बाकं आणि नालेच्या वळणाच्या मधोमध एक उंच आसन. हे पाचव्या ते सातव्या शतकातले वर्ग आहेत, वीसहून जास्त सापडलेत, म्हणजे ते उच्च शिक्षणाचं कॅम्पसच होतं. उंच आसन गुरुजींचं. आमच्या ग्रुपमध्ये एकदा एक निवृत्त शिक्षिका होत्या, पस्तीस वर्षं शिकवलेल्या, त्या एका वर्गासमोर उभ्या राहिल्या, बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या "अहो, इथून शेवटच्या बाकावरचा पोरगा सुद्धा दिसतो." मी ती जागा तोवर कित्येक वेळा बघितलेली, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. सगळ्यांना अलेक्झांड्रियाचं जळालेलं ग्रंथालय माहीत असतं, पण त्याच शहरात शिकवलं कसं जायचं ते दगडात शिल्लक आहे आणि तिथे कोणी थांबत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

त्याच आवारात पक्ष्यांचा वाडा म्हणून एक घर आहे, वेगळं तिकीट लागतं, ते काढा. दुसऱ्या शतकातल्या जमिनीवर मोझेकचे, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्रांचे, चौकोन आहेत, त्यात कबुतर, लावा, मोर, पोपट. मोर आणि पोपट दोन्ही मूळचे आपल्याकडचे, ते एका श्रीमंत अलेक्झांड्रियनच्या दिवाणखान्यात कसे गेले हे मुलाला विचारा, त्याचं उत्तर पुढे लायब्ररीपाशी मिळेल. आणि उघड्यावर मांडून ठेवलेले मोठे दगड, स्फिंक्स, ओबेलिस्कचे (उंच, टोकदार दगडी स्तंभ) तुकडे दिसतील, ते समुद्रातून काढलेले आहेत, किल्ल्याजवळून. आत्ता नुसते बघून ठेवा.

मग जेवण, थोडी विश्रांती, आणि बंद होईपर्यंत ग्रीको-रोमन म्युझियम. इथून जवळच आहे. हे म्युझियम २००५ ला बंद झालं ते थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलं, म्हणजे माझ्या पहिल्या सगळ्या ग्रुपांना ते बघताच आलं नाही. जुने ब्लॉग वाचून जाणारे लोक अजूनही ते बंद आहे समजून टाळतात. आत तीन गोष्टींपाशी नक्की थांबा. पहिली, सेरापिस देवाची मस्तकं. हा देव टॉलेमी राजांनी (सिकंदरानंतर इथे राज्य केलेलं ग्रीक घराणं) जाणूनबुजून घडवला, राज्य ग्रीकांचं आणि प्रजा इजिप्शियन, तर दोघांनी मिळून पूजा करावी असा देव पाहिजे होता, म्हणून इजिप्तचा मृतांचा देव ओसायरिस आणि पवित्र बैल एपिस एकत्र करून त्याला ग्रीक दाढीवाला चेहरा दिला. डोक्यावर धान्य मोजायचं माप असतं, अगदी आपल्या पायलीसारखं दिसतं. दुसरी, काळ्या दगडाचा एपिस बैल, सम्राट हेड्रियनच्या काळचा. बैलाच्या अंगाची घडण बघा, बाबा शेतीशी संबंधित असतील तर ते तिथून हलणार नाहीत. तिसरी, डोक्यावर जहाजाच्या पुढच्या टोकाच्या आकाराचा मुकुट घातलेल्या बाईचं मोझेक, टपोरे डोळे, समुद्रावर सत्ता असलेली राणी. बहुतेक अभ्यासक तिला दुसरी बेरेनिके राणी मानतात. कारागिराची सही पण आहे, सोफिलोस.

पहिल्या संध्याकाळी फुआद रस्त्याने चाला. हा रस्ता नावं बदलत आलाय पण तो जवळजवळ त्याच रेषेत आहे जिथे प्राचीन शहराचा मुख्य रस्ता होता, कॅनोपिक मार्ग, पूर्व-पश्चिम, सरळसोट. दोन्ही बाजूला एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या इटालियन-ग्रीक धाटणीच्या इमारती आहेत, त्यातला बराच पैसा कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबई व अलेक्झांड्रिया दोन्ही शहरांत एकदम पैसा आला, त्यामुळे फोर्टमध्ये फिरलेल्या माणसाला इथल्या काही कोपऱ्यांवर उगाचच ओळखीचं वाटतं. टॅक्स्या पण काळ्या-पिवळ्या. जवळच ग्रीक कवी कवाफीचं घर आहे, तो याच शहरात जन्मला (१८६३) आणि इथेच वारला (१९३३). कवितेची आवड असेल तर जा, नसेल तर सोडा.

चालत चालत समुद्रावर रम्लच्या चौकात या. इथे बघायला काही नाही, तरी मी प्रत्येक ग्रुपला इथे दोन मिनिटं उभं करते. सीसिल आणि मेट्रोपोल ही जुनी हॉटेलं आहेत ना, त्या भागात सीझरियम नावाचं प्रचंड मंदिर होतं आणि त्याच्या दारात दोन ओबेलिस्क उभे होते. त्यातला एक १८७८ पासून लंडनला थेम्सच्या काठावर आहे, दुसरा १८८१ पासून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. लोक त्यांना क्लिओपात्राच्या सुया म्हणतात, पण ते तिच्याही आधी चौदाशे वर्षं तिसऱ्या थुतमोसने हेलिओपोलिसला उभे केलेले, अलेक्झांड्रियाला आणले रोमनांनी. तुमचे कोणी नातेवाईक लंडनला असतील तर त्यांना फोटो मागवून मुलाला तिथल्या तिथे दाखवा, दगड कुठे गेला आणि जागा कुठे राहिली. आणि कॉर्निशचा, म्हणजे समुद्रकाठचा, रस्ता वरून ओलांडायला जाऊ नका, गाड्या थांबत नाहीत, भुयारी मार्ग आहेत ते शोधा, आई-बाबा सोबत असताना तर अजिबात नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडता उघडता कैतबे किल्ला. मामलुक सुलतान कैतबेने १४७७ ते १४७९ मध्ये बांधला, दिसायला देखणा, पांढरट, समुद्रात पुढे आलेला, पण माझ्या दृष्टीने त्याची खरी किंमत जागेची आहे. याच जागी फॅरोसचं दीपगृह होतं, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, इ.स.पू. २८० च्या सुमारास पूर्ण झालेलं, शंभर मीटरच्या वर उंच. खालचा टप्पा चौकोनी, मधला अष्टकोनी, वरचा गोल. लुशियन नावाच्या जुन्या लेखकाने त्याची एक गोष्ट लिहून ठेवलीय, दीपगृह बांधणाऱ्या सोस्त्रातोसने म्हणे स्वतःचं नाव दगडात कोरलं, त्यावर गिलावा दिला आणि गिलाव्यावर राजाचं नाव लिहिलं, म्हणजे काही वर्षांनी गिलावा पडेल आणि खालचं नाव राहील. दीपगृह हजार वर्षांहून जास्त उभं होतं. मग ९५६, १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांनी ते खिळखिळं झालं. इब्न बतूता हा प्रवासी १३२६ मध्ये आला तेव्हा एक बाजू पडली होती तरी आत जाता आलं, १३४९ मध्ये परत आला तेव्हा दारापर्यंत सुद्धा चढता येईना इतकी पडझड झालेली. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी कैतबेने तिथेच किल्ला बांधला आणि पडलेले दगड वापरले.

किल्ल्याच्या भिंतीत लाल ग्रॅनाइटचे खांब आडवे बसवलेले दिसतील, त्यांची नुसती गोल तोंडं बाहेर दिसतात. बाकी किल्ला चुनखडीचा फिकट, आणि मध्येच ही लाल वर्तुळं. हा ग्रॅनाइट आस्वानचा, नाईलवरून हजारेक किलोमीटर आणलेला, आणि तो दीपगृहाच्या अवशेषांतून आला असावा असं मानतात. मुलाला त्यावर हात ठेवू दे. वर सांगितलेल्या त्या आजोबांना मी पुढच्या वर्षी परत नेलं, ते बराच वेळ त्या दगडाला हात लावून उभे होते, बोलले काही नाहीत. भिंतीवरून उत्तरेकडे बघा, खाली लाटा फुटतात तिथेच पाण्यात बाकीचं आहे. १९६० च्या दशकात कामेल अबुल-सादात नावाच्या स्थानिक पाणबुड्याने इथे पुतळे पडलेले आहेत हे सरकारला सांगितलं, एक भलामोठा पुतळा तेव्हा वर काढला गेला. मग १९९४ मध्ये किल्ला वाचवायला पाण्यात काँक्रीटचे ठोकळे टाकत होते ते जुन्या अवशेषांवरच पडतायत असं लक्षात आलं, आणि फ्रेंच संशोधक झाँ-इव्ह एम्परर यांच्या पथकाने तळ तपासला तर हजारो दगड निघाले, काही सत्तर-पंचाहत्तर टनांचे, दीपगृहाच्या दाराच्या चौकटीचे असावेत असे. काल कोम अल-दिक्काला उघड्यावर बघितलेले स्फिंक्स इथलेच. आता मुलाच्या डोक्यात दोन ठिकाणं जोडली जातात, म्हणून तो क्रम.

किल्ल्याकडे येताना तुम्ही ज्या जमिनीवरून आलात ती पण नंतरची आहे. फॅरोस हे बेट होतं, त्याला जोडायला सात स्टेडियम लांबीचा बांध घातला, साधारण सव्वा किलोमीटर, आणि त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना गाळ साचत साचत त्याचं रुंद भूशिर झालं. आजची बहारी आणि अनफुशीची वस्ती, मासळीबाजार, मशिदी सगळं त्यावर. अबुल-अब्बास अल-मुर्सी मशीद जवळच आहे, तेराव्या शतकातल्या अंदालुसियन संताच्या कबरीवर, आजची इमारत मात्र मारिओ रोस्सी या इटालियन आर्किटेक्टची, १९४५ मध्ये पूर्ण झालेली, आतलं कोरीव छत बघण्यासारखं आहे. बायकांचा दरवाजा वेगळा, डोकं झाकायला ओढणी ठेवा.

दुपारचं जेवण इथेच. बर्फावर मासे मांडलेले असतात, तुम्ही निवडायचे, वजन करायचं आणि कसे करू ते सांगायचं. बुरी म्हणतात तो मासा म्हणजे आपली बोय, ती गव्हाच्या कोंड्यात घोळवून विस्तवावर भाजतात, वरची साल काळी होते, ती सोलून आतलं खायचं, लिंबू पिळून. कोकणातली माणसं असतील तर अजिबात कुरकुर होणार नाही. शाकाहारी असाल तर फूल (शिजवलेले बाकल्याचे दाणे), तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) आणि कोशरी (भात, मसूर, पास्ता) बिनधास्त खा, मुलुखिया ही हिरवी पालेभाजी मात्र बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुपारनंतर लायब्ररी, म्हणजे बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना. १६ ऑक्टोबर २००२ ला उद्घाटन झालं. एजंट लोक बाहेरून फोटो काढून नेतात, तसं करू नका, आत जा. १६० मीटर व्यासाची तिरकी तबकडी समुद्रातून उगवणाऱ्या सूर्यासारखी, आणि मागच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या १२० लिप्यांतली अक्षरं कोरलेली. देवनागरी शोधा, आमच्या प्रत्येक ग्रुपमध्ये ती पहिली कोण शोधतं यावर पोरांची धावाधाव होते. वाचनकक्ष अकरा पातळ्यांचा आहे, उतरत्या पायऱ्यांसारखा, वरून बघितला तरी पुरे.

जुनं ग्रंथालय नक्की कुठे होतं ती इमारत सापडलेली नाही, राजवाड्याच्या भागात होतं एवढं माहीत आहे. ते एका रात्रीत जळालं ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. खरं तर इ.स.पू. ४८ मध्ये सीझरने बंदरात लावलेल्या आगीत पुस्तकं गेली असं जुने लेखक सांगतात, पुढे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लढायांत तो राजवाड्यांचा भागच उद्ध्वस्त झाला, ३९१ मध्ये सेरापियम, म्हणजे सेरापिसचं मंदिर, पाडलं गेलं, आणि मधल्या काळात पैसा आणि माणसं दोन्ही आटत गेली. खलिफा उमरच्या हुकमाने पुस्तकं हमामात जाळली ही कथा कित्येक शतकांनंतर लिहिलेली आहे, इतिहासकार ती मानत नाहीत, गाइडने सांगितली तर मुलाला बाजूला घेऊन एवढं सांगा.

आणि मुलासाठी एरॅटोस्थेनिस. हा या ग्रंथालयाचा प्रमुख. उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी भर दुपारी आस्वानला सावली पडत नाही आणि अलेक्झांड्रियात पडते, त्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे दोन शहरांतलं अंतर गुणिले पन्नास केलं की पृथ्वीचा परीघ. तुम्ही आस्वानला पण जाणार असाल तर दोन्ही ठिकाणी दुपारी बारा वाजता एकाच लांबीची काठी उभी करून सावली मोजा, डिसेंबरमध्ये दोन्हीकडे सावली पडेल पण दोन कोनांतला फरक तोच येईल, सात अंशांच्या आसपास. एका मुलाने आमच्यासोबत हे सेल्फी स्टिकने केलं होतं.

लायब्ररीच्या तळघरात पुराणवस्तू संग्रहालय आहे, ते चुकवू नका. इमारतीचा पाया खणताना १९९३ मध्ये एक मोझेक सापडलं, गोल, फार मोठं नाही. बसलेला कुत्रा, पांढऱ्यावर काळे ठिपके, गळ्यात लाल पट्टा, बाजूला कलंडलेलं ब्राँझचं भांडं, आणि कुत्रा तुमच्याकडे बघतोय, बास. दोन हजार वर्षांहून जुना. पण त्याची मान जरा वाकडी, कान किंचित मागे, भांडं आपण पाडलं हे माहीत असलेल्या कुत्र्याचा चेहरा असतो ना, अगदी तो. दगडाचे तुकडे इतके बारीक की दोन पावलं मागे गेलं की रंगवलेलंच वाटतं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे ती माणसं इथे अडकतात. मला विचाराल तर अख्ख्या अलेक्झांड्रियात एकच वस्तू बघायची असेल तर हा कुत्रा बघा.

बाहेर दारापाशी एक उंच ग्रॅनाइटचा पुतळा आहे, समुद्रातून काढलेला टॉलेमी राजा, दुसरा टॉलेमी समजतात. त्याचा आपल्याशी संबंध आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या यवन (म्हणजे ग्रीक) राजांची नावं आहेत त्यात "तुरमय" आहे, तो हाच दुसरा टॉलेमी. म्हणजे अशोकाला या शहरातल्या राजाचं नाव माहीत होतं, आणि त्याच लेखमालेतले तुकडे आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेत. पुढे इ.स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचाच, पण राजा नव्हे, भूगोलाचा अभ्यासक होता. त्याच्या ग्रंथात "बैथाना" म्हणजे आपलं पैठण आहे, आणि ती कोणाची राजधानी तर "सिरो टोलेमायोस" ची. हा आपला श्री पुळुमावी, सातवाहन राजा! पैठणच्या राजाचं नाव व्यापाऱ्यांच्या तोंडून इथपर्यंत पोचलं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते स्वतःच्या नावासारखं लागलं. तेर, सोपारा, चौल यांचीही नावं त्यात आहेत. माल आपल्या बंदरांतून तांबड्या समुद्राला, तिथून उंटांवरून नाईलला आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाला यायचा, त्या वाड्यातल्या मोर-पोपटांची ओळख पण याच वाटेने झाली. उलट दिशेने आलेली एक गोष्ट कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा, परत आल्यावर मुलाला तो दाखवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोम अल-शुकाफा आणि पॉम्पीचा स्तंभ, दोन्ही करमूझ भागात, एकमेकांपासून जवळ. आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न इथेच येतो. कोम अल-शुकाफा म्हणजे खडकात खाली खाली खोदलेली दुसऱ्या शतकातली कबरस्तानं, ९९ पायऱ्यांचा गोल जिना आहे, लिफ्ट नाही. आईंना खाली नेऊ नका, वर मोकळी जागा आहे, बसता येतं, बाबांचं त्यांना ठरवू दे. तुम्ही आणि मुलगा नक्की उतरा. २८ सप्टेंबर १९०० ला एका गाढवाचा पाय जमिनीत गेला आणि ते खाली पडलं, तेव्हा ही जागा कळली. जिन्याच्या मधोमध विहिरीसारखी पोकळी आहे, त्यातून मृतदेह दोराने खाली सोडायचे. खाली जेवणाची खोली आहे, तीन बाजूंना दगडी बैठका, नातेवाईक वर्षश्राद्धासारखे ठराविक दिवशी यायचे आणि मृतांसोबत जेवायचे. जेवल्यावर ती भांडी घरी परत न्यायची नाहीत म्हणून तिथेच फोडायचे असं सांगतात, त्या खापरांच्या ढिगावरून नाव पडलं, शुकाफा म्हणजे खापऱ्या. सुतकातली भांडी वेगळी ठेवणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मुख्य कबरीच्या दाराशी आत वळून बघा, कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव अनुबिस उभा आहे, पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत. बाहेर दोन दाढीवाले नाग, डोक्यावर इजिप्तचा दुहेरी मुकुट आणि सोबत ग्रीक देवांचे दंड. तीन संस्कृतींचं एवढं मोकळं मिश्रण मी दुसरीकडे बघितलेलं नाही. म्युझियममधला सेरापिस राजांनी वरून ठरवून केलेला देव, आणि हे मात्र एका घराने स्वतःच्या मेलेल्या माणसांसाठी स्वतःच्या मनाने केलं. या जागेत वर्षानुवर्षं भूजल चढायचं, २०१९ मध्ये पाणी उतरवायचं मोठं काम पूर्ण झालं, तरी आत दमट असतं, दम्याचा त्रास असेल तर जपून.

पॉम्पीचा स्तंभ लवकर होतो. पॉम्पीशी त्याचा संबंध नाही, क्रुसेडवाल्यांचा गैरसमज, तो सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ २९८ च्या सुमारास उभा केला, पायापासून जवळपास २७ मीटर, आणि मधला खांब आस्वानच्या एकाच अखंड ग्रॅनाइटचा. आई इथे आरामात येऊ शकतील, चढ थोडाच आहे. तो सेरापियमच्या टेकडीवर उभा आहे, म्हणजे त्या सेरापिसच्या मुख्य मंदिराच्या जागी. खालच्या भुयारांत भिंतीत कोनाडे आहेत, तिथे धाकटं ग्रंथालय होतं असं गाइड सांगतात, त्यावर मतभेद आहेत. म्युझियममधला काळा बैल मात्र नक्की इथलाच.

मोंताझाच्या बागा, दागिन्यांचं म्युझियम, स्टॅनले पूल हे सगळं छान आहे पण तुम्ही विचारलेल्या गोष्टीत बसत नाही, वेळ उरला तर बघा. "सिकंदराची कबर दाखवतो" म्हणणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका, ती कुणालाच सापडलेली नाही. तिकिटं बहुतेक ठिकाणी कार्डनेच घेतात, दर सारखे वाढतात म्हणून इथे देत नाही, पण दोन चालणारी कार्डं ठेवा, मुलाचं शाळेचं आयकार्ड ठेवा, विद्यार्थ्यांना सवलत असते. शुक्रवारी लायब्ररीची वेळ आधी तपासून घ्या. आणि डिसेंबर म्हणजे "नव्वा" चे दिवस, हे तिकडचं समुद्री वादळ, कोळ्यांनी प्रत्येक वादळाला नाव आणि तारीख देऊन ठेवलीय, नोव्हेंबरातलं एक तर "झाडू" या नावाचं आहे. दोन दिवस वारा आणि पाऊस झोडपतो. छत्री उलटी होते, रेनकोटच घ्या, आणि असा दिवस आला तर म्युझियम आणि लायब्ररी त्या दिवशी टाका, किल्ला दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी गाडी करून कैरोला परतणार असाल आणि दुपार हाताशी असेल तर पश्चिमेला साधारण ४५ किलोमीटरवर अबुसीरला, म्हणजे जुन्या तापोसिरिस माग्नाला, जा. तिथे ओसाड टेकडीवर टॉलेमींच्या काळातला एक मनोरा उभा आहे, चौकोनी पाया, त्यावर अष्टकोन, त्यावर गोल भागाचे अवशेष. फॅरोसच्या दीपगृहाची ती लहान प्रतिकृती असावी असं मानतात. अलेक्झांड्रियात मुलाने पायाचे दगड बघितले, पाण्यातले दगड बघितले, भिंतीतले लाल खांब बघितले, आणि इथे पहिल्यांदा त्याला ती आकृती उभी दिसेल.